पाट आला? होय / नाही

माझं काम काय आहे हे समजावून सांगायला अवघड, म्हणून मी सहसा सांगतच नाही. शेलूला आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं मी कॉम्प्युटर दुरुस्त करते; कुणाचा प्रिंटर अडकला की माझी बेल वाजते. खरं काम असं की एखाद्या धंद्यात कोणत्या वस्तू असतात, कोण माणसं असतात, काय काय घडतं, त्यातल्या कशाची नोंद वेगळी ठेवायची आणि कशाची गाठ कशाशी बांधायची, हे आधी कागदावर ठरवायचं. त्यावर मग बाकीचे लोक सॉफ्टवेअर उभं करतात. त्या कागदाला आम्ही डेटा मॉडेल म्हणतो. विमा, गोदामं, दवाखाने, सगळ्यांची मॉडेलं करून मला हळूहळू असं वाटायला लागलं होतं की धंदा कुठलाही असो, आतून तो सारखाच असतो. ग्राहक, ऑर्डर, माल, डिलिव्हरी. बाकी सगळी वरवरची रंगरंगोटी.

कर्जतला शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण लग्न होऊन गणपतीच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्याला लागून असलेली एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्या मागे घर. तिचे यजमान मूर्तिकार. मी त्यांना भाऊजी म्हणते. शाडूचं काम, साचे त्यांच्या वडिलांच्या वेळचे, आणि गिऱ्हाईक इकडे कोंडाण्यापासून तिकडे साजगावपर्यंत. मैत्रीण डोळ्यांची आखणी करते. तिच्या हातचे डोळे बघून लोक मूर्ती ओळखतात, हे ती स्वतःच मला दरवर्षी ऐकवते.

गेल्या दिवाळीनंतर भाऊजींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. घरातल्यांना मात्र याची खात्री नव्हती. भाऊजींचा धाकटा भाऊ शेडमध्येच काम करतो. तो सरळ म्हणायचा की दादाचं डोकं आता पहिल्यासारखं राहिलं नाही, त्यांना काही विचारून त्रास देऊ नका. भाऊजींना शेडच्या दाराशी खुर्चीत बसवायचे. येणारे जाणारे त्यांच्याशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून दोन शब्द बोलायचे आणि मग त्यांच्या डोक्यावरून मैत्रिणीशी बोलायला लागायचे. मला त्याचा फार राग यायचा. मी स्वतःही तेच करत होते, हे वेगळं.

कुणाच्या घरी कसली मूर्ती जाते, हे सगळं भाऊजींच्या डोक्यात होतं. उंची केवढी, सोंड कशी, पीतांबर पिवळा की लाल, कुणाकडे उंदीर उजवीकडेच लागतो. लिहून ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. म्हणून चैत्रात मैत्रिणीने मला बोलावलं आणि म्हणाली, मला एक ॲप करून दे. मी म्हटलं, ॲप कोणीही करेल, आधी त्यात काय ठेवायचं ते ठरव. तर म्हणाली, मग तेच ठरवून दे. आणि जाताना दारापर्यंत सोडायला आली तेव्हा भाऊजींकडे एकदा बघून हळूच म्हणाली,

"हे बघ, माझी एकच अट आहे. यंदा एकही पाट इथून रिकामा परत जायला नको. एक जरी गेला ना, तर सगळे म्हणतील ह्यांच्याबरोबर कारखाना पण संपला. आणि ह्यांना ते ऐकू येतं गं."

पाट हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. वाक्यातली भावना तेवढी उचलली. माझ्या धंद्यात याला अक्षम्य म्हणतात.

मी रीतसर मुलाखत घेतली. ऑर्डर कशी येते? फोनवर, मैत्रीण म्हणाली. कोण देतं? जो तो. ॲडव्हान्स घेता का? घेतो. मग मी माझं ठरलेलं चित्र काढलं. ग्राहकाचं टेबल, मोबाइल नंबर ही त्याची ओळख. ऑर्डरचं टेबल, मूर्तीच्या प्रकारांचं टेबल, डिलिव्हरीचं टेबल. बाणांनी सगळं जोडलं. ऑफिसमधल्या एका ओळखीच्या मुलीने त्यावर छोटंसं सॉफ्टवेअर करून दिलं. मैत्रिणीची सून, जुन्नरकडची, हुशार आणि बोटांची भलतीच चपळ. तिने महिनाभरात फोनवरच्या सगळ्या ऑर्डरी त्यात भरल्या. किती मूर्ती करायच्या, कोणत्या साच्यातून किती काढायच्या, हे कधी नव्हे ते एका बटणावर दिसायला लागलं. मैत्रिणीच्या दिराने त्या हिशेबाने माती आणली आणि कामाला लागला. मी स्वतःवर खूश होते.

आषाढ लागला आणि पाट यायला लागले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जुनी घरं गणपतीच्या आधी महिना दोन महिने आपला पाट कारखान्यात नेऊन ठेवतात. त्या पाटावर मूर्ती बसवायची, त्या पाटावरून ती घरी न्यायची, विसर्जनाहून पाट तेवढा परत आणायचा. काही पाट तीन तीन पिढ्यांचे असतात. मी कर्जतच्या गावातली. आमच्याकडे गणपती बाजारातून यायचा, पण पाट हे प्रकरण मला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. चांगलं माहीत होतं. फक्त त्याचा आणि डेटा मॉडेलचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन शेडमध्ये बसले होते. कोंडाण्याकडचा एक टेंपो भरून पाट आले, उतरवून भिंतीला टेकवून ठेवले गेले. सुनेने विचारलं, मावशी, हे कुठे टाकायचे? मी दोन मिनिटांत ऑर्डरच्या टेबलात एक रकाना वाढवला: पाट आला, होय की नाही. झालं काम. टेंपोबरोबर आलेला एक म्हातारा भाऊजींच्या शेजारी फळीवर बसला होता आणि त्यांच्या कानाशी हळू आवाजात काहीतरी सांगत होता, बराच वेळ. माझ्या मनात आलं, चला, निदान एकजण तरी ओरडत नाही. आणि मी पुन्हा माझ्या रकान्यात डोकं घातलं.

संध्याकाळी सून म्हणाली की बऱ्याचशा पाटांच्या ऑर्डरीच सापडत नाहीत. मला वाटलं, तिने भरायच्या राहिल्या असतील. तिला वाटलं, माझं सॉफ्टवेअर खातंय. दोघी एकमेकींवर डाफरलो. शेवटी मैत्रिणीला हाक मारली. या पाटवाल्यांनी ऑर्डर कधी दिली? ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं, ही आपली घरं आहेत. ती कशाला ऑर्डर देतील? पाट आणून ठेवला की झालं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नव्या बिल्डिंगांतले लोक फोन करतात, त्याला कारखान्यात ऑर्डर म्हणतात. मी ऑर्डरबद्दल विचारलं, तिने ऑर्डरबद्दल सांगितलं. आपली घरं ऑर्डरीत मोडतच नव्हती. कारखान्याचा निम्म्याहून मोठा धंदा माझ्या सुबक चित्रात कुठेच नव्हता, आणि त्या हिशेबाने मातीही कमी आली होती, मूर्तीही कमी निघाल्या होत्या. पावसाळी हवेत शाडू वाळायला जो वेळ लागतो तो लागतोच.

दीर म्हणाला, आता पेणहून तयार मूर्ती आणू आणि यांना देऊ. मैत्रीण म्हणाली, नाही, आपल्याच साच्यातून काढायच्या. भाऊजी खुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी चित्र फाडलं आणि नवं काढलं. या वेळी मध्यभागी पाट ठेवला. माणसं बदलतात, एका वर्षी थोरला भाऊ पाट आणतो, पुढच्या वर्षी पुतण्या, न्यायला भलताच कोणी येतो, फोन नंबर तर दर सहा महिन्यांनी बदलतो. पाट तोच राहतो. म्हणून पाटाला नंबर, पाटाचा फोटो, पाटाला घर, पाटाला गाव, आणि पाटाला मूर्ती. मैत्रिणीची अट लक्षात ठेवून मी एक खुंटी पक्की मारली: मूर्तीची उंची भरल्याशिवाय पाटाची नोंद सेव्हच होणार नाही. म्हणजे एकही पाट मूर्तीशिवाय नजरेतून सुटायला नको. मला ही सक्ती फार शहाणपणाची वाटली होती.

प्रश्न एवढाच की कोणत्या पाटावर कोणती मूर्ती, हे सांगणार कोण. मैत्रीण म्हणाली, ह्यांना विचारू. दिराने नकारार्थी मान हलवली, पण ती ऐकणारी नव्हती. मी आणि सून एकेक पाट उचलून भाऊजींसमोर धरायला लागलो. डावा हात मांडीवर आपटला की होय, हवेत आडवा फिरवला की नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवून दाखवलं. साजगावचा? नाही. पळसदरीचा? होय. दीड फुटी? नाही. फूटभर? होय. पीतांबर पिवळा? होय. अर्ध्या तासात आमची लय जमली. इतक्या दिवसांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. अर्ध्या तोंडाने का होईना, हसायला लागले. मैत्रीण चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली, पदर डोळ्यांना लावत. मला रडणाऱ्या बायकांचा कंटाळा येतो, पण त्या दिवशी मीच नाक ओढत होते.

मग एक फणसाच्या लाकडाचा पाट आला. जुना, एक कोपरा फुटलेला आणि त्याला पितळेची पट्टी मारलेली. कोंडाण्याचा? होय. फूटभर मूर्ती? नाही. दीड फुटी? नाही. लहान? वीतभर? नाही. मोठी? नाही. मी म्हटलं, बैठी ना? नाही. मग उभी? नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जरा मोठ्या आवाजात. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर इतक्या जोराने आपटला की तिथे ठेवलेला चहाचा कप खाली पडला. मग मान भिंतीकडे फिरवली.

"झालं," दीर म्हणाला. "दमलं डोकं. आता जे आधी सांगितलं ते तरी बरोबर कशावरून?"

सगळ्यांच्या मनात तेच आलं होतं, माझ्याही. उरलेले थोडे पाट मैत्रिणीने आणि दिराने आठवून, फोन करून पुरे केले. भाऊजींना पुन्हा कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची शेडकडे पाठ होईल अशी वळवून घ्यायला लावली. पितळी पट्टीचा पाट कोणाच्या घरचा ते फोन करूनही कळलं नाही आणि त्याची नोंद काही सेव्ह होईना, म्हणून सुनेने उंचीत एक फूट टाकून ती सेव्ह केली. यादीत आली तशी ती मूर्ती साच्यातून निघाली, वाळली, रंगली.

पुढचा महिना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. पंखे लावून, बल्ब लावून मूर्ती वाळवल्या. मी रजा टाकून शेडमध्ये जात होते. मला मातीतलं काही येत नाही, म्हणून पाटांना नंबर चिकटवणं आणि सगळ्यांवर खेकसणं ही कामं माझ्याकडे होती. मैत्रीण आखणी करताना कोणाशी बोलत नाही. पण एका दुपारी ब्रश खाली ठेवून म्हणाली की समज उद्या लोक आले आणि निम्म्या मूर्ती चुकीच्या निघाल्या, तर मला मूर्तींचं दुःख नाही. आपण ह्यांचं ऐकून केलं आणि ते चुकलं, एवढं एकदा सिद्ध झालं की मग ह्यांना कोणी माणसात धरणार नाही. मी नंबर चिकटवत राहिले.

हरतालिकेचा दिवस उजाडला. मैत्रीण उपाशीपोटी सकाळपासून उभी होती. लोक यायला लागले, टेंपो, रिक्षा, दुचाकीवर मागे बसून मांडीवर मूर्ती घेणारे. प्रत्येकजण आपल्या पाटासमोर जाऊन उभा राहायचा आणि आम्ही सगळे श्वास धरून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचो. पळसदरीचा पिवळा पीतांबर, बरोबर. साजगावची फूटभर, बरोबर. "आमचा बाप्पा," एक बाई म्हणाली आणि पाटाला हात लावून नमस्कार केला. भाऊजींनी सांगितलेली एकही मूर्ती चुकली नाही. मोरया म्हणत एकेक पाट दारातून बाहेर पडत होता आणि भाऊजी अजून पाठ करूनच बसले होते.

शेवटी शेडमध्ये तेवढा एक राहिला, पितळी पट्टीचा. त्याच्यावर फूटभर मूर्ती, रंगवलेली, पण डोळे नसलेली. कोणाची ते कळल्याशिवाय मैत्रिणीचा हात तिच्यावर चालला नव्हता. सकाळी कोंडाण्याचा टेंपो गेला तेव्हा तिने त्यांच्याबरोबर निरोप धाडला होता की तुमच्या गावचा एक पाट राहिलाय, ज्याचा असेल त्याला पाठवा.

उन्हं कलायच्या सुमाराला एक म्हातारा आला. मी त्याला ओळखलं. आषाढात भाऊजींच्या शेजारी फळीवर बसून हळू बोलणारा तोच हा. त्याने आत येऊन पाट बघितला, पाटावरची मूर्ती बघितली आणि दोन पावलं मागे सरला. मैत्रिणीला वाटलं, रंग आवडला नाही. ती म्हणाली, डोळे आत्ता करून देते, बसा.

"नगं ताई," तो म्हणाला. "आमच्यात यंदा गनपती नाय. जेष्ठात पोरगा गेला आमचा. घरात पाट दिसला का ही रडायची, म्हनून हितं आनून ठेवला. मी दादाला सांगलंवतं सगलं. यंदा मूर्ती नको, निस्ता पाट ठेवा. दादा व्हय बोलला, हात आपटून."

मला आमचे प्रश्न एकेक करून आठवले. मूर्ती फूटभर हवी? नाही. दीड फुटी? नाही. बैठी? नाही. उभी? नाही. त्यांनी एकही उत्तर चुकीचं दिलं नव्हतं. मूर्ती हवी आहे का, हा एकच प्रश्न आम्ही विचारला नव्हता, कारण माझ्या चित्रात मूर्तीशिवायच्या पाटाला जागाच नव्हती.

मैत्रीण भाऊजींकडे गेली. खुर्ची तिने स्वतःच्या हाताने वळवली आणि त्यांच्यासमोर खाली बसली.

"अहो, या घराला यंदा मूर्ती नको. हेच सांगत होतात ना तुम्ही?"

त्यांनी डावा हात मांडीवर आपटला. मग पुन्हा आपटला, आणि पुन्हा, आणि ती त्यांचा हात धरेपर्यंत आपटतच राहिले. दीर शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने परत आला, दादा, असं काहीतरी म्हणाला, आणि त्यांच्या पायाला हात लावला.

म्हाताऱ्याला वाटलं, आपल्यामुळे काहीतरी बिनसलं. तो पाट उचलायला निघाला. पाट रिकामा परत नेणार, ही मैत्रिणीची वर्षभराची धास्ती. पण ती डोळे पुसत उठली, मूर्ती अलगद उतरवून बाजूला ठेवली आणि म्हणाली, पाट इथेच राहू द्या. पुढच्या वर्षी मूर्तीसकट न्या. म्हाताऱ्याने मान डोलावली. मग तो भाऊजींच्या शेजारी त्याच फळीवर बसला आणि पहिल्यासारखं हळू हळू बोलायला लागला. या वेळी आम्ही कोणी त्यांच्या डोक्यावरून बोललो नाही.

बिनडोळ्यांची मूर्ती दिराने भिजत घातली. मी तिथेच लॅपटॉप उघडून उंचीच्या रकान्यावरची सक्ती काढली. एका टिचकीचं काम होतं. सुनेने त्या पाटाची नोंद उघडली, एक फूट खोडलं आणि माझ्याकडे बघितलं. रिकामं कसं दिसतं, म्हणाली, मावशी, इथे एखादी रेघ तरी टाकू का?

मी म्हटलं, मला नको विचारू. त्यांना विचार.

तिने लॅपटॉप उचलून भाऊजींसमोर धरला आणि विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे, आणि डावा हात हवेत आडवा फिरवला.